चुन्याखालची अक्षरं

मी बाटले नाही. आमच्या लाइनीतल्या बायका नळावर जे बोलतात त्याला मी कधी तोंडाने उत्तर दिलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. मी बाटले नाही, मला कसली बाधा झालेली नाही आणि रविवारी मी कोणाला चोरून भेटायलाही जात नाही. मी गावागावांतली जुनी चर्चं बघायला जाते. चर्चच्या मागे जुनं कबरस्तान असतं, तिथले दगड बघते. जाते आणि जाणार.

आम्ही पाथरवट. माझा बाप जालन्याच्या बाजूला खाणीवर दगड घडवायचा. पायऱ्या, जाती, उखळं, पाटे. आई गावोगाव फिरून पाट्यांना टाकी लावायची. टाकी म्हणजे टोकदार छिन्नी. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की मसाला त्यावर नुसता सरकतो, वाटला जात नाही. मग टाकीवर हातोडी मारत पाट्याच्या अंगावर बारीक खळगे पाडायचे, पाभरीने पेरल्यासारखे ओळीत. चौथी झाली तशी आईने मला शाळेतून काढलं आणि बरोबर घेतलं. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून "पाट्याला टाकीऽऽ" अशी हाळी द्यायची असे. ती माझ्या तोंडून कधी फुटली नाही. आई म्हणायची, "हिच्या तोंडाला कुलूप हाय, पर हात बोलतो."

लग्न होऊन कळंबोलीला आले. नवरा लोखंड बाजारात ट्रकवर. नेरूळच्या सोसायट्यांखाली उभी राहून मीही काही वर्षं टाकी लावली. मग घरोघर मिक्सर आले, वॉचमन गेटातून आत सोडेनासे झाले. टाकी-हातोडी माळ्यावर गेली आणि मी तीन घरचा स्वयंपाक धरला.

त्या तीनपैकी एका घरी एक म्हाताऱ्या शिक्षिका राहायच्या, ख्रिश्चन. त्यांच्या नवऱ्याला त्यांच्या गावी पुरलं होतं, उरणच्या वाटेवर, खाडीच्या कडेला. बाईंचे गुडघे गेले. एका रविवारी त्यांनी मला विचारलं, माझ्याऐवजी तू फुलं ठेवून येशील का. मी बसने गेले.

चर्च कौलारू, भिंती दोन हात जाड, दरवाज्यासमोर गोल घडीव पायऱ्या. अशा ठिकाणी आलेली माणसं वर बघतात. घंटा बघतात, क्रूस बघतात. मला खाली बघायची सवय. मी उंबरा बघितला आणि तिथेच बसले. काळ्या पाषाणाचा उंबरा, आणि त्याच्या कडेवर टाकीचे घाव तिरपे उतरत गेलेले, शेवटच्या बोटभर जागेत मात्र सरळ. माझा बाप कडा अशीच संपवायचा, म्हणजे पाय घासून कड झिजत नाही. ते आमच्याच कोणी घडवलं असं मी म्हणत नाही. समुद्राकडचे पाथरवट वेगळे असतील. पण कोणीतरी हातात टाकी धरलेल्या माणसानेच घडवलं, आणि जो कोणी गोरा साहेब आत गुडघे टेकायला यायचा तो त्या माणसाच्या घावांवरून पाय टाकूनच आत जायचा. हे मला बरं वाटलं.

पुढे त्या बाई मुलीकडे राहायला गेल्या, त्यांच्या जागी मी दुसरं घर धरलं. फुलं न्यायचं काम संपलं, माझं जाणं संपलं नाही. एस.टी.ने रेवदंड्याला गेले. तिथे किल्ल्यात चर्चच्या भिंती उभ्या आहेत आणि छपराच्या जागी आभाळ आहे. वसईच्या किल्ल्यात तर एका चर्चची जमीन म्हणजेच थडगी. त्यांच्यावरून चालल्याशिवाय आत जाताच येत नाही. मी चपला हातात घेतल्या. फोटो काढत असलेली एक कॉलेजची पोरगी म्हणाली, "आंटी, पाय भाजतील." भाजले.

पण मी परत परत गेले ती पहिल्याच गावी, खाडीकडेच्या. तिथल्या कबरस्तानात मागच्या भिंतीला लागून सव्वीस जुने दगड आडवे आहेत. पुढच्या बाजूला नव्या लोकांचे ग्रॅनाइटचे, फोटो बसवलेले, चकचकीत. मागचे सव्वीस म्हणजे पांढऱ्या ढेपा. तिथली रीत अशी की नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेलेल्यांचा दिवस असतो, आणि त्याच्या आधी घरोघरची माणसं येऊन सगळ्या थडग्यांना चुना मारतात. ज्याचं कोणी उरलेलं नाही त्यालाही मारतात, कोणी उघडं राहू नये म्हणून. शंभर वर्षं चुन्यावर चुना. चांगल्या मनाने मारलेला, पण त्याने अक्षरं बुजून गेली होती.

मी एका दगडाजवळ बसले आणि केसातली पिन काढून चुना खरवडून बघितला. पापुद्रे निघाले. खाली 'झ' लागला. मग 'प'. थडग्यावरचं वाचन मला जमतं. अक्षर मोठं, ओळी चार, आणि मागून कोणी घाई करत नाही. दुपारपर्यंत एवढं मोकळं झालं: येथे झोपली आहे. कोण ते अजून चुन्याखालीच होतं.

"कोन गो तू? कोनाकडची?"

मागे एक म्हातारी उभी होती. ऐंशीच्या पुढची, लुगडं गुडघ्यापर्यंत, गळ्यात क्रूस, हातात काठी. मी घाबरून उभी राहिले.

"कोणाकडची नाही," मी म्हटलं.

"मंग इकडं काय करतेस?"

"दगड बघते."

"दगड बघाला बसनी आलीस? तुज्या गावान दगड नाय काय?"

मी पिन दाखवली. म्हातारी वाकून बघायला लागली, मग काठी टाकून खालीच बसली. तिला वाचता येत नव्हतं. मी अक्षरांवर बोट ठेवून वाचलं तेव्हा ती म्हणाली, "ही कोन ती मना म्हाईत नाय. पन माजी सासू हितून चवथी हाय, त्या जांबाखाली. तिचा बघ काय लिवलंय. लई शिव्या घालाची मना. दगडावर तरी बरा लिवलाय काय बघू."

सासूचा चुना काढायला मला दोन रविवार लागले. दगडावर नाव निघालं, आणि त्याखाली 'गरिबांची माय'. म्हातारीने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "गरिबांची आसंल," ती म्हणाली. "माजी नवती."

त्या दिवसापासून ती मला रविवारी भाकरी आणि सुकटीचं कालवण आणून द्यायला लागली.

पावसाळ्याच्या शेवटी कळलं की कबरस्तान सुधारायचं ठरलं आहे. हे सांगितलं म्हातारीच्या पुतण्याने. तो चर्चच्या कमिटीत आहे, कंटेनर यार्डात सुपरवायझर, माणूस वाईट नाही, कामाचा आहे. तो टेप घेऊन दगड मोजत होता. म्हणाला, "मावशी, आता पिनने कोरायचं टेन्शन घेऊ नका. ग्राइंडर लावतोय. मेलेल्यांच्या दिवसाच्या आत सगळे जुने दगड घासून पॉलिश. एकदम चकाचक, पुढच्या ग्रॅनाइटसारखे."

मी विचारलं, "अक्षरं?"

"अक्षरं जातील थोडी. तशीही कोण वाचतं? अर्ध्या लोकांचं कोणी राहिलं नाही. वरून पेंटने नंबर टाकू, एक ते सव्वीस."

जिवंतपणी ज्याला कोणी नावाने हाक मारली नाही त्यालाही मेल्यावर दगडावर नाव मिळतं, म्हणून तर मी तिथे जात होते. आमच्यात थडगं नसतं. माझ्या बापाने आयुष्यभर दगड घडवले, त्याच्या नावाचा एक खडाही कुठे नाही. मला त्याचं दुःख नाही, आमची रीत तशी आहे. पण ज्यांच्या नावाचा दगड आहे त्यांचा तो कोणी घासून कोरा करायचा, हे मला सहन होईना. मी पदर तोंडाशी धरून म्हणाले, "मी हाताने साफ करून देते. सगळे. मी टाकीवाली आहे. पैसे नकोत."

तो हसला. "मावशी, हा पाटा-वरवंटा नाही."

म्हातारी म्हणाली, "करू दे रं तिला एक. माज्या सासूवर करू दे. बिगडला तं माजी सासू, तुजा काय जातंय?"

"बिघडलं तर मग मशीन," तो म्हणाला. ठरलं.

मी माळ्यावरून टाकी-हातोडी काढली. टोकं बोथट झाली होती. आमच्या ट्रक यार्डाच्या मागे एक लोहार बसतो, त्याच्याकडून टोकं पाजळून घेतली. पुढच्या रविवारी सासूच्या दगडापुढे बसले, पाणी मारलं, आणि सुरू केलं.

आता माझी चूक लिहिते. लपवायची नाही.

आमच्या धंद्यात दगड गुळगुळीत झाला म्हणजे मेला, आणि टाकी लावली म्हणजे जिवंत झाला. लहानपणापासून हात हेच शिकलेला. बारा वर्षांनी टाकी हातात आली, ठक ठक सुरू झालं, आणि हात आपल्या वाटेने निघाला. कोपऱ्यापासून सुरुवात, कडेने ओळ, मग दुसरी ओळ, खळग्याशेजारी खळगा, सगळे एका मापाचे. मला आईचा आवाज ऐकू येत होता. इतकं छान काम कित्येक वर्षांत झालं नव्हतं. दोन तासांनी पाणी ओतून धूळ धुतली आणि मागे सरून बघितलं.

मी पाटा तयार केला होता. उत्तम पाटा. 'गरिबांची माय' त्या खळग्यांत देवीचे व्रण आलेल्या तोंडासारखी दिसेनाशी झाली होती.

पुतण्या प्रार्थना आटपून मागे आला. दगडावर वाकला. मग म्हणाला, "काकी, ये बघायला."

म्हातारी आली. तिने दगडावरून हात फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. "आता काय मसाला वाटाचा काय सासूच्या अंगावर?" ती म्हणाली.

तिच्या मागे उभ्या असलेल्या बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "बाटलीत भराचा मसाला बरा होईल काकी, वर्षभर टिकंल." पुतण्या हसला नाही. तो म्हणाला, "मावशी, झालं ना? आता घरी जा. मी मशीनवाल्याला फोन करतो."

मी हातोडी पिशवीत घातली आणि बसच्या थांब्यावर आले. पदर तोंडावरून काढलाच नाही.

घरी माझी जाऊ दारात बसली होती. आमच्या शेजारच्याच खोलीत राहते. दर रविवारी मी आले की ती म्हणते, "आधी डोक्यावरून पाणी घे, मग घरात पाय टाक. मढ्यांच्या अंगणातून आलीस." मी दर रविवारी फक्त हातपाय धुते. मढ्याला खांदा दिला नाही, मग कसली आंघोळ? त्या दिवशी तिने माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, "हाकललं वाटतं किरिस्तावांनी?"

नवरा आत टीव्ही बघत होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं. तुला कोणी सांगितलं होतं? आपल्या घरात खंडोबा आहे, देवी आहे. त्यांना टाकी लाव की." मग म्हणाला, "पोराच्या लग्नाचं बघायचं आहे. लोक विचारतात मला, तुमच्या मंडळी रविवारी चर्चला जातात म्हणे. मी काय सांगू?"

"सांगा, जाते," मी म्हटलं.

त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. बहुतेक इतक्या वर्षांत मी त्याला एवढं सरळ उत्तर पहिल्यांदा दिलं. आवाज बारीकच होता, पण शब्द परत घेतला नाही.

मी विचार करत राहिले. टाकीचा खळगा किती खोल असतो? तांदळाच्या दाण्याएवढा. आणि ज्याने ती अक्षरं कोरली त्याने किती खोल कोरली होती? चुना काढताना माझी पिन अर्ध्यापर्यंत आत जात होती. म्हणजे अक्षरं माझ्या घावांच्या खाली अजून होती. वरचा पापुद्रा उतरवला तर खळगे जातील, अक्षरं राहतील. मशीनने नाही. मशीनला कुठे थांबायचं ते कळत नाही. कुरुंदाच्या, म्हणजे धार लावायच्या खरखरीत दगडाने, पाणी घालून, हाताने.

पुढच्या रविवारी मी कुरुंदाचा दगड घेऊन परत गेले. कोणी बोलावलं नव्हतं. फाटकाशी त्याच बायका होत्या. एक म्हणाली, "आलं बघा मसालेवालं." मी मान खाली घालून आत गेले आणि घासायला बसले. पुतण्याने लांबून बघितलं. तो हाकलायला येईल असं वाटत होतं, तरी हात थांबवला नाही. म्हातारी आली, पाण्याची बादली ठेवली आणि म्हणाली, "पानी मी घालते. तू घास."

तीन रविवार घासलं. बोटांची सालं निघाली, घरी पीठ मळताना मीठ झोंबायचं. तिसऱ्या रविवारी चार वाजता माय वर आली. आधी 'ग' ची दांडी, मग सगळी ओळ. दगड वरून सपाट, अक्षरं आतून काळी, स्वच्छ. म्हातारीने पुतण्याला हाक मारली. तो बसून बघू लागला, अक्षरांत बोट घातलं. "चांगलं झालंय मावशी," तो म्हणाला. "खरंच. पण एका दगडाला तीन आठवडे. सव्वीस दगड. आणि मशीनवाला सांगून ठेवलाय."

त्याचा हिशेब बरोबर होता. पण बाकीचे दगड घासायचे नव्हतेच. तीन आठवडे गेले ते माझी चूक निस्तरण्यात. बाकीच्यांचा फक्त चुना काढायचा होता. हे मला सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. त्या न बोलण्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्यानंतरच्या मंगळवारी म्हातारीचा फोन आला.

"मशीन आला," ती म्हणाली. "चार घासले. काय ऱ्हायला नाय त्यांच्यावर. उद्या बाकीचे. येतेस काय?"

बुधवारी मी तिन्ही घरी फोन केले की येणार नाही. दोन घरी चिडून हो म्हणाले. तिसऱ्या घरची बाई म्हणाली, "मग उद्याही येऊ नका." बरं म्हटलं आणि पहिली बस धरली.

मशीनवाला वायर सोडत होता. चार दगड भिंतीच्या टोकाला चमकत होते, हॉटेलच्या काउंटरसारखे. त्यांच्यात झाडांची पानं दिसत होती, माझं तोंडही दिसत होतं. पाचवा दगड तोच, ज्याच्यावर पहिल्यांदा पिन लावली होती. अजून त्या बाईचं नाव मोकळं व्हायचं होतं. मी त्या दगडावर जाऊन बसले. पिशवीतून छिन्नी काढली आणि मांडीजवळचा चुना काढायला लागले.

"मावशी, उठा," मशीनवाला म्हणाला. "धूळ उडेल."

मी उठले नाही. त्याने दोनदा सांगितलं, मग पुतण्याला फोन लावला. पुतण्या यार्डातून मोटरसायकलवर आला, हेल्मेट डोक्यावरच. "मावशी, हे काय? आमचं चर्च आहे. तुम्ही तर आमच्यातल्या पण नाही."

ते खरं होतं. मी चुना काढत राहिले.

तेवढ्यात म्हातारी आली. तिच्या हातात सूप, सुपात सुकट. ती सावकाश चालत गेली आणि माझ्यापासून दुसऱ्या, तिच्या नवऱ्याच्या दगडावर बसली. सूप मांडीवर घेऊन सुकट निवडायला लागली.

"काकी, तू उठ," पुतण्या म्हणाला.

"का? माजा नवरा हाय."

"त्याच्यावर बसतात का?"

"जिता व्हता तवा पन मी त्याच्या उरावरच बसलेली. त्याला सवय हाय."

मशीनवाला हसून वायर गुंडाळायला लागला. पुतण्या मात्र आता खरंच रागावला होता. तो फादरना बोलवायला गेला. फादर वयाने माझ्या मुलाएवढे, नुकतेच बदली होऊन आलेले. ते आले आणि माझ्यासमोर गवतात उकिडवे बसले, म्हणजे मला मान वर करावी लागली नाही. त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय हवं आहे?"

मी म्हटलं, "हे घासू नका. फक्त चुना काढायचा आहे. मेलेल्यांच्या दिवसाच्या आत मी काढते. नाही निघाला तर मग घासा."

मला आठवतं तेवढं हे माझं सगळ्यात लांब बोलणं. परक्या पुरुषापुढे तर नक्कीच.

फादरनी पुतण्याकडे बघितलं. पुतण्या म्हणाला, "फादर, दिवस किती राहिलेत?" फादर म्हणाले, "बघू तरी." मशीन त्या दिवशी परत गेलं.

एक घर सुटलं होतं, म्हणून माझ्या दुपारी मोकळ्या होत्या. मी रोज गेले. पहिल्याच दिवशी त्या झोपलेल्या बाईचं नाव निघालं. मला पाटा करायची घाई नव्हती आणि हाताला आता काय करायचं नाही ते कळलं होतं. आधी पाणी, मग लाकडी खुंटी, अगदी शेवटी छिन्नी, तीही आडवी. दिवसाला एक दगड, कधी दोन. काहींवर मराठी होतं, काहींवर परक्या भाषेचं अक्षर. ते मला येत नाही, पण रेघ कुठे वळते ते कळतं. ज्यांनी कोरलं त्यांना तरी कुठे वाचता येत होतं? मसालेवालं म्हणणाऱ्या बायकांतली एक तिसऱ्या दिवशी ब्रश घेऊन आली. आपल्या आजोबाचा कोणता ते शोधायला आली होती. सापडल्यावर बसून राहिली, मग शेजारचाही धुतला. पुतण्या येत नव्हता. पण एका दुपारी नळाला लांब पाइप जोडून ठेवलेला होता.

घरी काही बदललं नाही. जाऊ अजून पाण्याची बादली दारात ठेवते, मी अजून बाजूने जाते. नवरा रविवारी माझ्याशी बोलत नाही, सोमवारी बोलतो. पोराला एक स्थळ सांगून आलं होतं, ते पुढे गेलं नाही. जाऊ म्हणते माझ्यामुळे. असेल.

एकवीस दगड वेळेच्या आत मोकळे झाले, सासू धरून बावीस. राहिले ते चार, घासलेले. त्यांच्यावर पेंटने एक, दोन, तीन, चार लिहिलेलं होतं. मी फादरना विचारलं, कोण आहेत हे. चर्चच्या कपाटात मेलेल्यांची जुनी नोंदवही आहे. फादर ती घेऊन दुपारी कबरस्तानात आले आणि रांग मोजत पानं उलटत राहिले. तिघांची नावं निघाली. चौथ्याचं पान वाळवीने खाल्लं होतं.

मी कोळशाने दगडावर अक्षरं काढली, फादरनी तपासली, मग मी कोरली. बापाच्या हातचं कोरणं मी बघितलं होतं, स्वतः कधी अक्षर कोरलं नव्हतं. चकचकीत दगडावर टाकी सटकते. तीन नावांना पाच दिवस गेले.

चौथ्या दगडाला म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, "नाव नाय म्हाईत. पन आमी पोरा हितून पलालो का आमची आय ओरडाची, दाईच्या अंगावरनं पलू नका. गावातली निम्मी मानसा तिच्या हातावर आली म्हनं."

मेलेल्यांच्या दिवसाच्या आदल्या दुपारी बाया झेंडूच्या माळा घेऊन येत होत्या, पोरं मेणबत्त्या ओळीत लावत होती. मी चौथ्या दगडावर 'दाई' कोरत होते. पुतण्या चुन्याची बादली घेऊन आला आणि थांबला. या वर्षी जुन्या दगडांना चुना लावायचा नाही असं फादरनी सांगितलं होतं, आता फक्त भिंतीला.

"नाव नाही तर कशाला?" तो म्हणाला. "दाई हे काय नाव झालं?"

"हेच माहीत आहे," मी म्हटलं.

त्याने बाकीच्या तिन्ही दगडांवरची माझी अक्षरं बघितली. ओळ जराशी वर चढली होती, एक काना दुसऱ्यापेक्षा लांब. "मावशी, राग मानू नका, पण हे चौथीतल्या पोराने काढल्यासारखं दिसतंय."

"वाचता येतंय ना?"

तो वाकला. तिन्ही नावं मोठ्याने वाचली, नीट, एक एक. मग 'दाई' वाचलं.

"येतंय," तो म्हणाला.

"मग सरका जरा, उजेड अडतोय. 'ई'चा वरचा आकडा राहिला आहे."

तो सरकला.